चोवीस गाण्यांची मर्यादा



गेल्या वाढदिवसाला नातीने माझ्या मोबाईलवर गाण्यांचे एक ॲप घालून दिले आणि मोठ्या अभिमानाने सांगितले, “दादाजी, यात दहा कोटींपेक्षा जास्त गाणी आहेत!” उभे आयुष्य बँकेत गेल्यामुळे आकडा कानावर पडला की मन आपोआप हिशेबाकडे वळते. एक गाणे सरासरी तीन मिनिटांचे धरले, तर रात्रंदिवस न थांबता ही सारी गाणी ऐकण्यास सुमारे ५७० वर्षे लागतील. सेवानिवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो हे खरे, परंतु इतका नव्हे.

तरीही पहिल्या महिन्यात मी अधाशासारखा ऐकत सुटलो. जे कानाला गोड लागले ते आवडत्या गाण्यांच्या यादीत घातले. महिनाअखेरीस यादी चारशेच्या वर गेली. एका रविवारी ती निवांत वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की निम्म्याहून अधिक गाण्यांची चाल मला आठवतच नव्हती. खात्यावर रक्कम जमा दिसत होती, हातात मात्र काहीच नव्हते.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाच्या परिमाणाबरोबरच उपभोग-परिभोगाचेही परिमाण सांगितले आहे. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी सकाळी चौदा नियम धारताना आज किती द्रव्ये घ्यावयाची, हे ठरवूनच दिवसाला आरंभ करतात. ताटातल्या पदार्थांची मर्यादा आपण जाणतो. कानांना मात्र आपण कधी मर्यादा घातली नाही, कारण गाणी कधी अशी फुकट आणि अमाप मिळतच नव्हती. मी चारशे गाणी पुसून टाकली आणि ठरवले की माझ्या यादीत चोवीसच गाणी राहतील. तीर्थंकर चोवीस, आपल्या कवींनी रचलेल्या चोविशीतील स्तवनेही चोवीस. संख्या शोधायला दूर जावे लागले नाही.

मर्यादेमुळे निवड अधिक कसोशीने होते, याचे एक मोठे उदाहरण आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन अंतराळयाने सोडली. त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे. साऱ्या पृथ्वीवरच्या संगीतासाठी तीत जागा होती सुमारे नव्वद मिनिटांची. कार्ल सेगन यांच्या समितीने त्या वेळात २७ रचना बसवल्या. भारताच्या वाट्याला एकच जागा आली आणि ती मिळाली गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीला. जागा अमर्याद असती, तर त्या भैरवीकडे कोणी इतक्या बारकाईने कान दिला असता का, अशी शंका येते.

यादीसाठी मी तीन नियम केले. पहिला, नवे गाणे आत यावयाचे असेल तर जुने एक बाहेर गेले पाहिजे. दुसरा, कोणतेही गाणे सात दिवस रोज एकदा, दुसरे काही काम न करता ऐकल्याशिवाय यादीत घ्यावयाचे नाही. तिसरा नियम व्यापारी बांधवांना विशेष आवडेल. रोजकीर्दीप्रमाणे मी एक वही ठेवली आहे. गाणे कोणाकडून आले, कोणत्या तिथीस आले आणि का ठेवले, याचा तपशील तीत लिहितो. ॲप आपण ऐकलेल्यासारखेच पुन्हा पुन्हा पुढे करते. खरोखर नवे असे गाणे माझ्याकडे माणसांकडूनच आले. (सामायिक-प्रतिक्रमणाच्या वेळी मोबाईल बंदच असतो, हे वेगळे सांगावयास नको.)

या वहीतील काही नोंदी आपणांपुढे ठेवतो.

सकाळच्या चहाबरोबर ‘कॉल ऑफ द व्हॅली’. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार असलेली ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडत जातो. काब्राजी मूळचे जोधपूरचे. गिटारसारख्या परक्या वाद्यावर त्यांनी आपले राग इतके सहज वाजवले आहेत की वाद्य परके आहे हेच विसरायला होते. बँकेतील एका जुन्या सहकाऱ्याने दिलेली ही नोंद आहे.

आमच्यासारख्या मारवाडातून आलेल्या कुटुंबांसाठी बिकानेरच्या अल्लाह जिलाई बाई यांची मांड. हे सूर ऐकून माझी पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “हे तर आपल्या उपाश्रयातल्या स्तवनासारखेच वाटते.” तिचे निरीक्षण अचूक होते; आपल्या कितीतरी स्तवनांच्या चाली याच मातीतल्या आहेत.

पंडित कुमार गंधर्व यांची निर्गुणी भजने. क्षयाने आजारी असताना ते हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे गेले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत तेथील लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली. त्यांचा निर्गुणी सूर ऐकताना बारा भावनांतील एकत्व भावना मला पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट समजली.

रात्रीसाठी मालकंस. प्रभूंची देशना मालकोश रागात होत असे, ही आपल्याकडील परंपरागत श्रद्धा लहानपणापासून ऐकली होती. तो राग मात्र जाणून कधी ऐकला नव्हता. रिषभ आणि पंचम वर्ज्य, गांधार, धैवत व निषाद कोमल, असे हे पाच स्वर. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित लयीतला मालकंस ऐकला आणि त्यानंतर ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील महंमद रफी यांचे भजन पुन्हा ऐकले, तेव्हा चाळीस वर्षे ओळखीच्या असलेल्या गाण्याचे कूळ कळले. शेजारच्या तमिळ गृहस्थांनी हेच स्वर कर्नाटक संगीतात हिंदोलम नावाने ओळखले जातात असे सांगून त्यागराजांची एक कृती ऐकवली. यादीत आज या पाच स्वरांच्या तीन नोंदी आहेत.

हलक्याफुलक्या क्षणांसाठी ‘चितचोर’ (१९७६) मधील येसूदास यांचे गीत. संगीतकार रवींद्र जैन जन्मांध होते. अलीगढच्या जैन कुटुंबातील या मुलाने पुढे साऱ्या देशाला गुणगुणायला लावले.

आणि नातीने दिलेले बाख यांचे एकट्या चेलो वाद्यासाठीचे संगीत, पाब्लो कासाल्स यांनी वाजवलेले. कासाल्स तेरा वर्षांचे असताना बार्सिलोनातील एका दुकानात त्यांना या रचनांची जुनी स्वरलिपी सापडली. पुढची बारा वर्षे त्यांनी तिचा अभ्यास केला आणि मगच ती श्रोत्यांपुढे वाजवली. माझा सात दिवसांचा नियम त्यापुढे अगदीच किरकोळ वाटतो. सुरुवातीला हे संगीत मला कोरडे वाटले होते. पाचव्या दिवशी मन लागले.

येथवर तेवीस नोंदींतील काहींचा परिचय झाला. चोविसाव्या नोंदीसाठी थोडे मागे जावे लागेल.

आपले साधुकवी स्तवन किंवा रास रचताना लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेत आणि ढाळेच्या माथ्यावर ‘अमुक गीताची देशी’ असे लिहून ठेवत. चित्रपटगीताच्या चालीवर स्तवन गायले की आज आपण नाक मुरडतो, परंतु लोकप्रिय चालीवर धर्माचे शब्द बसवण्याची रीत कित्येक शतकांची आहे. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी १९२६ पासून भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या ‘जैन गूर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची लांबलचक अनुक्रमणिका आहे. ती चाळताना मन विषण्ण होते. शब्द राहिले, चालीचे नावही राहिले. पण त्यांतील कितीतरी चाली आज कोणाच्याच गळ्यात नाहीत. शब्दांना पोथी सांभाळते, चालीला फक्त गळा सांभाळतो.

माझी आई, जिला आम्ही घरात बाई म्हणत असू, रोज पहाटे आनंदघनजींचे ऋषभदेवांचे स्तवन म्हणत असे. त्याचे शब्द आजही कोणत्याही पुस्तकात मिळतात. चाल तिची होती, तिच्या माहेरची. १९८५ साली मी टू-इन-वन घेतला आणि रेडिओवरची गाणी उतरवून कॅसेटींनी कपाट भरले. बाई शेजारच्याच खोलीत रोज गात होती. तिच्यासाठी रेकॉर्डिंगचे बटण दाबावे असे मला एकदाही सुचले नाही. २००३ साली ती गेली. कॅसेटींवर बुरशी चढली. त्यांतील प्रत्येक गाणे आज ॲपवर एका क्षणात सापडते. बाईची चाल दहा कोटी गाण्यांत कोठेही नाही.

गेल्या पर्युषणात धाकटी बहीण घरी आली होती. आम्ही दोघे ती चाल जुळवीत बसलो. तिला सुरुवात आठवत होती, मला प्रत्येक कडव्याचा शेवट. मधल्या वळणावर आमचे एकमत होईना. अखेरीस बहिणीने तिला आठवले तसे गायले आणि नातीने ते मोबाईलवर उतरवून घेतले. तिसऱ्या कडव्यापाशी बहीण थांबते, मग थोडी शांतता, आणि “पुढचे नाही रे आठवत,” हे तिचे शब्दही त्यात आले आहेत. नात तेवढे काढून टाकणार होती. मी म्हटले, राहू दे. चोविसावी नोंद तीच आहे, आणि तिला सात दिवसांचा नियम लावला नाही.

माझी यादी आपण घ्यावी असा आग्रह नाही. प्रत्येकाने आपापली करावी. विनंती एवढीच आहे की येत्या चातुर्मासात घरातील आजी, मावशी, आत्या जे स्तवन म्हणतात ते मोबाईलवर उतरवून घ्यावे आणि कोणाकडून, कोठून आले ते दोन ओळींत लिहून ठेवावे. काम दहा मिनिटांचे आहे. मी ते अठरा वर्षे उद्यावर टाकले.

लिहिण्यात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडं.