जीव लहान, खर्च किती?

परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की घराघरांतून एक मागणी हमखास होते, ‘आई, आपण काहीतरी पाळू या ना!’ कुत्र्यामांजराला जागा नाही, म्हणून मग मासे, पक्षी किंवा ससा यांवर तडजोड होते. दुकानदार किंमत सांगतो, ती परवडते आणि पाहुणा घरी येतो. पण ती किंमत एकदाच द्यायची असते. खरा खर्च दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

आधी मासे घेऊ. त्यांचे खाणे चिमूटभर. खर्च होतो तो विजेवर. ५ वॅटचा फिल्टर रात्रंदिवस चालला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. १० वॅटचा दिवा रोज आठ तास लावला तर आणखी अडीच युनिट. म्हणजे सगळी मिळून सहा युनिट. मात्र एंजलसारख्या उबदार पाण्यातल्या माशांना नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर हवा. १०० वॅटचा हीटर दिवसाकाठी दहा तास चालला की महिन्याला ३० युनिट होतात, म्हणजे आधीच्या पाचपट! गोल्डफिशला हीटर लागत नाही, पण तो घाण फार करतो. काचेच्या छोट्या गोल भांड्यात त्या घाणीतून तयार होणारा अमोनिया साठतो आणि मासा मरतो. मग दुसरा आणायचा, तोही जातो. स्वस्त वाटणारे भांडे असे महाग पडते.

आपण ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड्स’ म्हणतो, ते बहुधा बजरीगर असतात. एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन चमचे राळे-बाजरी पुरते, म्हणजे जोडीला महिन्याला साधारण अर्धा किलो. शिवाय थोडी कोथिंबीर-पालक आणि चोचीसाठी समुद्रफेसाचा तुकडा. पिंजऱ्याच्या तळाला घालायला रद्दी घरचीच! आपला हिरवा पोपट मात्र पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

ससा गाजरावर जगतो ही समजूत चुकीची आहे. त्याला दिवसभर गवत लागते, कारण त्याचे दात सतत वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात. गावात हरळी फुकट मिळते, शहरात गवत विकत घ्यावे लागते. उन्हाळ्यात पंखा हवाच. दिवसभर त्याने काही खाल्ले नाही तर ताबडतोब डॉक्टर गाठावा लागतो आणि सशावर उपचार करणारे डॉक्टर सगळीकडे मिळत नाहीत. नर-मादी एकत्र ठेवल्यास महिनाभरात पिल्ले होतात आणि सगळा हिशेबच कोलमडतो.

आता या सगळ्याला आयुष्याने गुणा. समजा, कोणत्याही प्राण्यावर महिन्याला ३०० रुपये लागतात. हॅमस्टर दोन वर्षे जगला तर ७,२०० रुपये; बजरीगर सात वर्षे जगला तर २५,२००; ससा नऊ वर्षे जगला तर ३२,४००. आणि ते चिमुकले, लाल कानाचे कासव? ते पंचवीस वर्षे सहज जगू शकते. म्हणजे ९०,००० रुपये! शिवाय रुपयाएवढे कासव वाढून ताटाएवढे होते. मग कंटाळलेली माणसे ते गुपचूप तळ्यात सोडतात. हे कासव मूळचे अमेरिकेतले. ते आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होते. आपला खर्च वाचतो, पण त्याचा भुर्दंड तळ्याला बसतो.

आणखी एक खर्च वहीत लिहिला जात नाही. गणपतीला, दिवाळीला घर बंद करून गावी जाताना काय करणार? धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात. पक्ष्यांना आणि सशाला मात्र रोज दाणापाणी घालणारा शेजारी हवा.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुलांनाच कागद-पेन्सिल द्या. खाणे, वीज, साफसफाई, डॉक्टर असे रकाने आखायला सांगा, बेरीज करा आणि तिला बाराने व मग आयुष्याच्या वर्षांनी गुणा. आलेला आकडा पाहूनही घरातले सगळे ‘हो’ म्हणाले, तर खुशाल पाहुणा आणा. नाहीतर खिडकीत पाण्याचे एक पसरट भांडे ठेवा. चिमण्या-बुलबुल आपणहून येतील.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)