आधी उपचार, मग कागद

धानाच्या रोवणीत मायला साप चावला. देवरी तालुक्यातून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेले. अपघात विभागात पहिला प्रश्न आला, ‘कागद कुठे आहेत?’ दुसरा, ‘कोणत्या वस्तीतले?’ दंश झालेला पाय त्यानंतर पाहिला गेला. माय वाचली, तो क्रम मनातून गेला नाही.

हा क्रम न्यायालयाने केव्हाच मोडला आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले : जीव वाचवणे हे सरकारी, खाजगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९२ साली रेल्वेतून पडलेल्या हकीम शेखला कलकत्त्याच्या सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परतवले. त्याच्यासाठी पश्चिम बंगालची शेतमजूर समिती लढली. १९९६ च्या निकालाने हा संविधानाच्या २१ व्या कलमाचा भंग ठरवला. २५,००० रुपये भरपाई दिली. म्हणजे हा हक्क कुणाच्या दयेतून आला नाही, संघटनेतून आला.

आपण शिकलो. मग हे निकाल रोवणीला जाणाऱ्या मायबहिणींना वस्तीत वाचून दाखवणे हे आपलेच काम. दवाखान्याच्या दारात हात जोडायचे नाहीत; कर्तव्याची आठवण द्यायची.