उलटी प्रदक्षिणा

जपानला, तोक्यो शहरात गेलो असताना आम्ही तिथल्या राजवाड्याभोवती धावायला गेलो, त्याविषयी आज सांगतो.

वाड्याला खंदक आहे. खंदकाच्या कडेने सुमारे ५ किलोमीटरची वाट, मध्ये एकही सिग्नल नाही. म्हणून धावणाऱ्यांची तिथे गर्दी. सगळे एकाच दिशेने धावतात. आपण प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतो, इथे वाडा डाव्या हाताला! चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, घोळका करायचा नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलेल्या बायका अर्ध्या चड्डीत एकेकट्या धावत होत्या. कुणी वळून पाहत नव्हते. आम्ही ओढणी कमरेला बांधलेल्या. कपडे ठेवायला, अंघोळीला जवळच पैसे भरून सोय मिळते. काही जणी सेंतोत, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात जातात. बायकांचे न्हाणीघर वेगळे, पण आत सगळ्या उघड्याच. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. आम्हाला धावण्यापेक्षा हेच अवघड गेले.

त्याच शहरात लोकलला बायकांचा वेगळा डबा ठेवावा लागतो, म्हणजे पुरुष सगळेच सरळ नाहीत. पण या वाटेवर दिवे आहेत, फरसबंदी आहे, साकुरादामोन दरवाजासमोर पोलिसांचे मुख्यालय आहे. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पहाटे अंधारात धावतात, मागे भाऊ मोटारसायकलचा उजेड धरून. शाळेच्या मैदानावर दिवा हवा, हा विषय महिला ग्रामसभेत लेखी द्या.