पकड आणि सुटका : पॉलिमरमधील लिथियमचा प्रवास

लिथियम बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, ने-आण करणाऱ्या माध्यमाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. प्रचलित बॅटरीत हे माध्यम ज्वलनशील सेंद्रिय द्रव असल्याने ते गळण्याचा आणि पेटण्याचा धोका राहतो. त्याऐवजी पॉलिमरचा, म्हणजे दीर्घ साखळ्यांसारख्या रेणूंचा, पातळ घन पापुद्रा वापरण्याच्या विचाराला पाया मिळाला तो १९७३ साली, जेव्हा इंग्लंडमधील फेंटन, पार्कर आणि राइट यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर अल्कली धातूंचे क्षार सामावून घेते, असे दाखवले. बॅटरीसाठी त्याचा उपयोग फ्रान्समधील मिशेल आर्मां यांनी १९७८ मध्ये सुचवला.

या पॉलिमरच्या साखळीत ठरावीक अंतराने ऑक्सिजनचे अणू असतात, आणि त्यांतील साधारण पाच अणू एका धनभारित लिथियम आयनाला वेढून धरतात, म्हणूनच क्षार विरघळतो. मात्र विरघळलेला प्रत्येक आयन मोकळा असतोच असे नाही, कारण पाण्याच्या तुलनेत हे माध्यम विरुद्ध भारांमधील आकर्षण फारच थोडे क्षीण करते. परिणामी लिथियम आणि त्याचा जोडीदार ऋणायन यांची जोडी जमते, तिचा एकूण भार शून्य होतो आणि ती वीज वाहू शकत नाही. टीएफएसआयसारखा मोठा ऋणायन निवडला, तर त्याचा ऋणभार अनेक अणूंवर पसरलेला असल्याने ही ओढ सैल पडते.

मोकळा लिथियम आयनही एकटा धावत नाही. साखळीचे लहान तुकडे सतत वळवळतात, तेव्हा जुने ऑक्सिजन सुटून नवे जुळतात आणि आयन पुढे सरकतो. स्फटिकी भागात साखळ्या जखडलेल्या असल्याने वहन मुख्यतः अस्ताव्यस्त, अस्फटिकी भागातूनच होते. म्हणून सामान्य तापमानाला सेंटिमीटरमागे सिमेन्सचा सुमारे दहा लाखावा भाग किंवा त्याहूनही कमी असलेली वाहकता, सुमारे ६५ अंश सेल्सियसला स्फटिक वितळल्यावर शेकडो पटींनी वाढते. पॅरिसमध्ये २०११ साली भाड्याने धावू लागलेल्या 'ब्लूकार' या विजेच्या मोटारींची पॉलिमर बॅटरी याच कारणाने गरम ठेवावी लागत असे.

क्षार वाढवत नेल्यास वाहकता वाढतच जाईल, हा तर्कही टिकत नाही, कारण एकाच आयनाला अनेक साखळ्या बिलगल्या की त्या ताठर होतात, जोड्याही वाढतात आणि एका कमाल मर्यादेनंतर वाहकता घसरू लागते. शिवाय ऑक्सिजनच्या पकडीत नसलेला ऋणायन अधिक चपळ असल्याने एकूण प्रवाहातील लिथियमचा वाटा बहुधा एक-तृतीयांशाहूनही कमी भरतो. यावर उपाय म्हणून काही पॉलिमरांत ऋणायन साखळीलाच पक्का जोडतात.

या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी एकच पेच आहे : जी पकड क्षार विरघळवते तीच लिथियमला अडवते. म्हणूनच चांगले पॉलिमर ते, जे लिथियमला ऋणायनापासून दूर ठेवण्याइतके घट्ट धरते आणि पुढे जाऊ देण्याइतके सहज सोडते.