काचेला विरजण

बारामतीचा मुक्काम हलवून तुकोबांची पालखी काटेवाडीकडे निघते, ती पिंपळीवरून. पूर्वी हा सोहळा बघायचा तर रस्त्याच्या कडेला उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता काटेवाडीतलं मेंढ्यांचं रिंगण त्याच क्षणी मुंबईतल्या आणि दुबईतल्या फोनवर दिसतं. फोनपासून मोबाइल टॉवरपर्यंतचा टप्पा तेवढा हवेतून. पुढचा बहुतेक प्रवास केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या धाग्यांतून होतो. ग्रामपंचायतींपर्यंत हा धागा नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली.

हा धागा महाराष्ट्रात तयारही होतो. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. तिथे आधी बनते ती काचेची जाड कांडी, म्हणजे प्रीफॉर्म. या उद्योगाची सर्वसाधारण कृती अशी: सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ ज्योतीत सोडली की सिलिकाची पांढरीशुभ्र काजळी धरते. गाभ्याचा थर बसत असताना तिच्यात जर्मेनियम टेट्राक्लोराइडची वाफ मोजून मिसळतात. क्लोरीनने काजळीतला ओलावा काढतात, ती भाजून पारदर्शक काच करतात, आणि मग उंच मनोऱ्यावर कांडीचं टोक सुमारे २,००० अंश सेल्सिअसला मऊ करून खाली धागा ओढतात. काचेचा व्यास १२५ मायक्रोमीटर, आणि लांब पल्ल्याच्या धाग्यात उजेड ज्यातून धावतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर.

गाभ्यातलं जर्मेनियम हे या काचेचं विरजण. दुधात चमचाभर दही पडलं की पातेल्याचा गुणधर्म पालटतो. तसं या थोड्याशा भरीने गाभ्याचा अपवर्तनांक त्याच्याभोवतीच्या काचेच्या आवरणापेक्षा किंचित वाढतो आणि उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. असा बाहेरून घातलेला पदार्थ म्हणजे डोपंट. आज हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. १९७० मध्ये मात्र ते इतकं उलटं वाटत होतं, की त्यासाठी पेटंट मिळालं आणि ते टिकलंही.

१९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लंडनमधून एक निबंध प्रसिद्ध केला. काचेच्या धाग्यातला ऱ्हास दर किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली आणता आला तर तो दूरसंचाराला उपयोगी पडेल, असं त्यांचं गणित होतं. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड उरणं. तेव्हाच्या चांगल्या काचेत हा ऱ्हास १,००० डेसिबलच्या घरात होता. काओंना पुढे २००९ चं नोबेल मिळालं. काचेतल्या अशुद्धी हे ऱ्हासाचं मोठं कारण, म्हणून बहुतेक प्रयोगशाळा नेहमीच्याच काचा अधिकाधिक शुद्ध करायच्या मागे लागल्या.

अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी वितळवायला अतिशय कठीण, पण मुळातच अत्यंत शुद्ध असणारी सिलिका घेतली. अडचण अशी, की तिचा अपवर्तनांक इतर काचांच्या मानाने खालचा. आवरण म्हणून ती छान. पण गाभा कशाचा करायचा? उत्तर होतं: त्याच शुद्ध सिलिकेत मोजून टायटॅनियम घालायचं. ज्या अशुद्धीला सगळे हाकलत होते, तिलाच नेमक्या प्रमाणात आत बोलवायचं. या एका निर्णयात सगळा शोध आहे, आणि पेटंटच्या परीक्षेत त्याचीच कसोटी लागते.

इथे तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे. ११ मे १९७० रोजी कॉर्निंगने दोन अर्ज दाखल केले: मॉरर आणि शुल्ट्झ यांचा धाग्यासाठी, केक आणि शुल्ट्झ यांचा तो बनवण्याच्या पद्धतीसाठी. दर किलोमीटरला १७ डेसिबल हे गाजलेलं मोजमाप केकने त्यानंतर, ऑगस्टमध्ये घेतलं. लंडनच्या परिषदेत मॉररने ते जगाला सांगितलं त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. आधी अर्ज, मग भाषण.

धाग्याच्या पेटंटचा पहिला दावा म्हणजे एकच लांब वाक्य. त्याचा आशय असा: आवरण शुद्ध सिलिकेचं किंवा डोपंट घातलेल्या सिलिकेचं; गाभाही सिलिकेचा, पण त्यात डोपंट आवरणापेक्षा जास्त, त्यामुळे त्याचा अपवर्तनांकही जास्त; गाभ्यात वजनाने किमान ८५ टक्के सिलिका आणि फार तर १५ टक्के डोपंट. या वाक्यात टायटॅनियमचं नाव नाही! प्रयोगशाळेत टायटॅनियम वापरलं होतं, तरी कुंपण तत्त्वाभोवती घातलं. टायटॅनियमच्या धाग्याला उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागे आणि तो ठिसूळ होई. १९७२ मध्ये कॉर्निंगने जर्मेनियम घालून ऱ्हास ४ डेसिबलपर्यंत आणला, तेव्हा तो धागाही याच कुंपणात बसला. दावा लिहिणं हीसुद्धा एक कारागिरी आहे, आणि तिचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण.

हे पेटंट, क्रमांक ३६,५९,९१५, मंजूर झालं २ मे १९७२ रोजी. त्याच्या बारा दिवस आधी, २० एप्रिलला, भारतात १९७० चा पेटंट कायदा अमलात आला होता.

त्या कायद्याखाली आज महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलवरच्या बौद्धिक संपदा भवनाच्या अखत्यारीत येतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. परीक्षा आपोआप होत नाही, ती मागावी लागते. २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. मग कागद परीक्षकाच्या टेबलावर येतो.

डोप केलेल्या काचेचा अर्ज आला, तर परीक्षक आधी कप्पा ठरवतो. प्रकाशवाहक धाग्यांचा आंतरराष्ट्रीय वर्ग जी०२बी ६, काचेचे धागे बनवण्याचा सी०३बी ३७, त्यांच्या काचेच्या घटकांचा सी०३सी १३. या कप्प्यांत जगभरचे जुने कागद असतात. कॉर्निंगच्याच फ्रँक हाइडचं, ज्योतीत सिलिका बनवण्याचं १९४२ चं पेटंटही त्याच परंपरेतलं. म्हणजे १९७० चा शोध करणाऱ्यांनाही आपल्याच घरातल्या जुन्या ज्ञानापासून आपलं वेगळेपण दाखवणं भाग होतं.

पहिला प्रश्न नावीन्याचा. दाव्यातली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या कागदात सापडली, तर अर्ज तिथेच अडतो. दावा ५ ते १५ टक्के डोपंटचा असेल आणि कुण्या जुन्या निबंधात तशाच धाग्यात ७ टक्के घातलेलं असेल, तर तेवढंही पुरतं. दुसरा प्रश्न अधिक कठीण: या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? दोन-तीन जुने कागद शेजारी ठेवून परीक्षक तसा आक्षेप घेऊ शकतो. कलम ३(ई) खाली आणखी एक विचारणा होते: ही नुसती मिसळ आहे की मिसळीतून घटकांच्या बेरजेपलीकडचं काही निघालं? इथे ‘धागा सुधारला’ या शब्दांना वजन नसतं. ऱ्हासाचे आकडे आणि तुलनेचे तक्ते लागतात. पहिला परीक्षण अहवाल मिळाल्यावर उत्तराला सहा महिने असतात. दावे आखडतात, शब्द बदलतात, सुनावणी होते, आणि उरलेलं वाक्य मंजूर होतं किंवा नाकारलं जातं.

मंजुरी मिळाली तरी ते वाक्य अभेद्य ठरत नाही. आपल्या कायद्याच्या कलम १३(४) मध्ये साफ म्हटलं आहे, की परीक्षा झाली म्हणून पेटंट वैध असल्याची हमी सरकार देत नाही. खरी परीक्षा पुढे न्यायालयातही होऊ शकते, आणि कॉर्निंगची झाली.

जपानच्या सुमितोमोने एका धाग्यात डाव उलटवला. गाभा शुद्ध सिलिकेचा ठेवला आणि आवरणात फ्लोरिन घालून त्याचा अपवर्तनांक खाली आणला. कॉर्निंगचा दावा शब्दशः वाचला तर गाभ्यात डोपंट हवं. इथे ते नव्हतं. कॉर्निंगच्या पेटंटात विचार होता तो अपवर्तनांक वाढवणाऱ्या पदार्थांचा. तरीही न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयाने १९८७ मध्ये हा धागा समतुल्य मानून उल्लंघन ठरवलं, पेटंट वैध मानलं, आणि १९८९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्याच वर्षी मे महिन्यात पेटंटची १७ वर्षांची मुदत संपायची होती. गाभ्याचा अपवर्तनांक वाढवा किंवा आवरणाचा घटवा, फरक निर्माण करण्याचं तत्त्व एकच, हा निकालाचा गाभा. मंजूर वाक्यातल्या शब्दांपलीकडे त्याचा हक्क किती पसरतो, या प्रश्नावर हा खटला आजही शिकवला जातो.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं कमलनयन बजाज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ग्रामीण पट्ट्यातल्या महाविद्यालयांपुढची पेटंटची वाट आता पूर्वीइतकी महाग नाही. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, आणि २०२१ पासून शैक्षणिक संस्थांनाही ८० टक्के सवलत मिळते. नुकसान होतं ते क्रम चुकल्याने. प्रकल्प आधी परिषदेत वाचला, निबंध छापून आला, आणि अर्जाची आठवण त्यानंतर झाली, तर आपलाच निबंध आपल्या नावीन्याविरुद्धचा पुरावा होतो. कायद्यात काही अपवाद आहेत, पण ते अरुंद आहेत. कुणीही त्यांच्या भरवशावर राहू नये.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध अर्ज, परीक्षकांचे अहवाल आणि अर्जदारांची उत्तरं विनामूल्य वाचता येतात, पिंपळीतूनही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी नवा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आपल्या विषयाच्या वर्गातले निदान दहा अहवाल वाचावेत, आणि अर्जाचा क्रमांक हाती पडेपर्यंत निबंध कुठेही पाठवू नये.