शंभर युनिटांचं छप्पर

विजेचं बिल हातात आलं की आपण आधी रक्कम पाहतो, मग शेजाऱ्याला त्याची रक्कम विचारतो. युनिटच्या टप्प्यांकडे सहसा कुणी पाहत नाही. घरगुती सौर अनुदानाचं राजकारण मात्र तिथेच आहे.

महावितरणची पहिली १०० युनिटं स्वस्त असतात. ३००च्या पुढच्या युनिटचा दर त्यांच्या दुपटीहून जास्त. छतावर पॅनेल बसवलं की वजा होतात ती आधी वरची, महागडी युनिटं. म्हणून दोन एसी असलेल्या बंगल्याला सौर चटकन परवडतं. महिन्याला ८० युनिट जाळणाऱ्याची बचत होते ती स्वस्त युनिटांची. तो कर्ज काढून पॅनेल कशाला बसवेल?

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. खर्च ७५,०२१ कोटी, लक्ष्य १ कोटी घरांचं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. अनुदान सर्वांना सारखं असलं, तरी सावली नसलेलं हक्काचं छत आणि वरची रक्कम भरण्याची ऐपत ज्याच्याकडे, तोच आधी पुढे आला.

राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली ती या खालच्या टप्प्यासाठी: दोन वर्षांत पाच लाख घरं, ६५५ कोटी रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५००. ग्राहकाने भरायचे फक्त अडीच हजार. शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या इतरांना राज्याकडून दहा हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना पंधरा हजार.

या उदारपणामागे हिशेब आहे, आणि मला तो वाईट वाटत नाही. खालच्या टप्प्याची स्वस्त वीज पोसतात ते कारखाने, दुकानं आणि जास्त वापराची घरं. हीच बडी गिऱ्हाइकं सौरकडे वळली की महावितरणच्या पदरी उरतात ती तोट्याची. मग तोट्यातल्या ग्राहकालाच एकदाचं पॅनेल देऊन मोकळं होणं सरकारला सोयीचं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे; तिचा बोजा तिजोरीवर दरवर्षी पडतो. पॅनेलचा खर्च एकदाच होतो आणि ते पंचवीस वर्षं चालतं. मतदाराला दोन्ही 'मोफत'च दिसतात, अर्थखात्याला मात्र फरक कळतो.

पण घरातला विजेचा वापर वाढतो तो दिवेलागणीनंतर, तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं. नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतं. महावितरणचं दुखणं असं, की दुपारी विजेला भाव नाही आणि संध्याकाळी ती महाग घ्यावी लागते. म्हणून दुपारची युनिटं दुपारच्याच वापरातून वजा करावीत, असा महावितरणचा प्रस्ताव होता; त्यावरून २०२५ मध्ये वीज नियामक आयोगापुढे ग्राहकांनी आवाज उठवला. नोकरदारांच्या घराला दुपारी कुलूप असतं. त्या वेळी मोटर लावायची कुणी?

आणखी एक गोष्ट विक्रेते शेवटी सांगतात, काही तर सांगतच नाहीत. बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर छतावरचं सौरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा झटका बसू नये म्हणून ही सोय. भर उन्हात, डोक्यावर पॅनेल असताना पंखा थांबला की यजमानाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. तिथे घर आपलं, त्यावरचं छप्परही आपलं. शहरात तसं नाही. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. ते लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांना. भाडेकरूला काय? चाळीतल्या खोलीचं मीटर कुणाच्याही नावावर असो, पत्रा मालकाचा. शंभर युनिटांच्या आतली कितीतरी कुटुंबं अशाच खोल्यांत राहतात आणि 'स्मार्ट'मध्ये प्रथम येणाऱ्याला प्राधान्य आहे. त्यांना आधी मालकाच्या दारात जावं लागेल.