जन्माने कुणी चोर नसतो

गावात चोरी झाली की पहिली नजर वेशीबाहेरच्या पालांकडे जाते. 'पारध्यांचंच काम असणार', 'त्या कैकाड्यांवर लक्ष ठेवा' ही वाक्ये आपल्या ओट्यावरही सहज बोलली जातात. पुरावा कुणी मागत नाही. जातीचे नाव हाच पुरावा ठरतो.

संशय घेणे ही माणसाची जुनीच खोड आहे. पण त्या संशयावर कायद्याचा शिक्का बसला तो 1871 मध्ये. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क असा होता : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होणार. रंग आणि रक्त पाहून माणसांची किंमत ठरवणाऱ्या त्या काळच्या युरोपी विचाराला आपली जातव्यवस्था आयतीच सापडली. सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडे होता. 1911 च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला.

रोजी गेली, शिक्का आला

ही माणसे मुळात काय करत होती? रामोशी गडांची आणि गावांची राखण करत. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि गडांवरच्या नेमणुका गेल्या. त्याविरुद्ध उठलेल्या उमाजी नाईकांना इंग्रजांनी 1832 मध्ये पुण्यात फाशी दिली. बंजारे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहत. रेल्वे आली आणि तो व्यापार बसला. पारधी शिकारीवर जगत. जंगल कायद्यांनी त्यांना रानच बंद केले. आधी रोजी हिरावली आणि मग त्याच माणसांना गुन्हेगार म्हटले.

यात आपलेही लोक होते. छप्परबंद म्हणजे घरे शाकारणारे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत या जातीतल्या मुस्लिमांचाही समावेश आहे. इंग्रजी दप्तरात मात्र या साऱ्या जमातीची ओळख खोटी नाणी पाडणारे अशी झाली.

एकदा नाव नोंदले की बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची आणि परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसवले गेले. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची मुभाही कायद्यात होती. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथल्या लोकांना गिरण्यांत राबवले जाई. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

आपल्याच मुलखातले उत्तर

या विचाराला उत्तर देणारी माणसेही आपल्याच मुलखातली आहेत. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. त्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. तिकडचा वर्णभेद आणि इकडचा जातिभेद एकाच मुळाचा आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची हजेरी बंद केली. ज्या पारध्यांना सारे चोर म्हणत, त्यांनाच महाराजांनी पहाऱ्यावर नेमले.

पुढच्याच वर्षी, 4 ऑक्टोबर 1919 रोजी, आपल्या कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुस्लिम अशी सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एका घरातल्या बाईने चुलीपाशी उभे राहून केलेले हे बंडच होते.

पुढे ज्यांच्यावर शिक्का होता ती मुले स्वतःच लिहू लागली. फलटण भागातल्या कैकाडी कुटुंबात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कायदा गेला, कागद उरला

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती 'विमुक्त' आणि तो दिवस त्यांचा मुक्तिदिन. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. अगदी ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांतले जातिभेद रद्द करावे लागले आणि विमुक्तांना मनमानी अटक करू नका, असे पोलिसांना बजावावे लागले.

आणखी एक गोष्ट पाहा. विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर कुटुंब 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ओबीसी दाखल्यासाठी 1967 चा कागद शोधताना आपल्या घरांत किती धावपळ होते, हे आपण जाणतो. मग ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होते, त्यांनी कागद आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही आणि शिष्यवृत्ती नाही म्हणून शाळा सुटते.

सुरुवात घरातून

नाव सांगताच घर भाड्याने नाकारले जाणे, गावात काही घडले की मोहल्ल्याकडे बोट दाखवले जाणे, याची कळ आपल्याला ठाऊक आहे. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती ताकीद शेजाऱ्यांनी आपल्याबाबत पाळावी असे वाटते, तर आपणही ती पालातल्या माणसांबाबत पाळायला हवी.

वर्गात पेन्सिल हरवली की मुलांच्या नजरा कुणाकडे वळतात, हे मी शिक्षिका म्हणून नेहमी पाहते. सहा वर्षांच्या मुलाला ते शाळेत कुणी शिकवलेले नसते. ते घरात ऐकलेले असते. म्हणून 'चोर जात' हा शब्द आधी आपल्या घरातून जाऊ द्या. शिकलेल्या तरुणांनी पालावर जाऊन मुलांचे जन्मदाखले आणि आधार कार्डाचे अर्ज भरून द्यावेत. एखाद्या मुलाचा शाळाप्रवेश अडला असेल, तर त्याच्या आईबरोबर शाळेत जावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कागदावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे त्या आईला माहीत नसते. आपल्याला माहीत आहे, मग तिच्या वतीने तिथे बोलणे हे आपले काम आहे.